पंपघरामागच्या चौदा पेट्या

१६ एप्रिल

पाच नंबरच्या पेटीला वास येतोय. सुताराच्या सरसासारखा. टेलरमास्तर म्हणाले, लाकूड ओलं राहिलंय. भाऊजींनी पुन्हा एकदा हुंगून बघितलं. मीही.

बाकी तेरा पेट्या झकास.

१९ एप्रिल

निलगिरी फुलली! सकाळी सातलाच जुन्या पंपघरामागे गेले तर आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. अशा दिवशी वाटतं, हॉस्पिटलात सुट्टी टाकावी आणि इथंच बसून राहावं. पण हत्यारं कोण शुद्ध करणार? ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सगळं वाफेच्या भट्टीतून काढून मोजून ठेवायचं— एकवीस वर्षं हेच करतेय. नर्स नाही मी, पण टेलरमास्तर पहिल्या दिवसापासून 'सिस्टर' म्हणतात. दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

आज एकापासून सातपर्यंतच्या पेट्या मास्तरांनी उघडल्या. त्या त्यांच्या. आठ ते अकरा भाऊजींच्या— ताईच्या यजमानांच्या. शेवटच्या तीन माझ्या. जागा पाणीपुरवठ्याची, भाड्याचा कागद तिघांच्या नावावर. धुराचा डबा एक, मध काढायचं यंत्र एक, आणि भांडणं रोजची. झाकण नीट बसवलं नाही, फाटक उघडं टाकलं, पटाशी कुठं ठेवली— नऊ वर्षं हेच चाललंय!

भाऊजींच्या पापणीला माशी चावली. डोळा बंद. चष्म्याच्या दुकानदाराचाच डोळा सुजला! मास्तर म्हणाले, "बरं झालं, आता एका काचेत भागेल." भाऊजी इतके हसले की दुसरा डोळाही मिटला.

२१ एप्रिल

काही नाही. पाय दुखतात.

२५ एप्रिल

लिहू नये असं वाटतं. पण लिहिते.

पाच नंबर आज उघडली. मास्तर टाळत होते, भाऊजींनीच धुराचा डबा पेटवला. "बघू तर द्या," एवढंच म्हणाले. पोळ्याची तिसरी चौकट वर काढली. पिल्लांच्या घरांवरची झाकणं फुगीर असायला हवीत, पावासारखी. ही खचलेली. तेलकट. मधे मधे भोकं, कोणीतरी टाचणीनं टोचल्यासारखी. आणि तो वास!

भाऊजींनी खिशातली आगकाडी काढली. उलट्या टोकानं एक झाकण फोडलं, काडी आत फिरवली, हळूच ओढली. तपकिरी तार निघाली. बोटभर लांब. तुटेचना.

मास्तरांनी काडी त्यांच्या हातातून घेतली आणि दुसऱ्या घरात घातली. तिथंही तार. तिसऱ्या घरात. तिथंही. चौथ्यात घालायला गेले तेव्हा भाऊजींनी मनगट धरलं.

अळ्या कुजण्याचा रोग. पुस्तकात वाचलेला, दुसऱ्या गावातल्या लोकांकडून ऐकलेला. याला औषध नाही. सरकारी तपासनिसाला कळवायचं, तो येऊन पेट्या जाळायला लावतो. माशा, मेण, मध, लाकूड, सगळं. नियम आहे.

मास्तर चौकट परत आत ठेवत म्हणाले, "आठ दिवस द्या मला."

"मास्तर—" भाऊजी म्हणाले.

"आठच. चौकटी बदलतो. माशा झटकून नव्या पेटीत घालतो, नवं पोळं बांधू देतो. बऱ्या होतात तशा. माझ्या ऐकण्यात आहे."

"एखादवेळी होतात. पण कळवायला लागतं."

"कळवलं की जाळणार! आधी ती पाच, मग शेजारची, मग सातही." मास्तरांचा आवाज चिरकला. "ओढ्याकाठच्या झाडावरून मी एक थवा आणला होता. एकच! माझ्या सातही पेट्या त्याच्याच. एक माशी कधी बाहेरून आणली नाही. तुम्हाला माहीत आहे ना, सिस्टर?"

माहीत आहे. दुकानात आता कोणी कपडे शिवायला येत नाही, तयारच घेतात सगळे. दिवसाला दोन चेनी आणि एखादी पँट आखूड करायची. बायको लेकीकडे राहायला गेली ती तिकडचीच झाली. सकाळी पेट्या आणि संध्याकाळी पेट्या, मधे दुकान. असा माणूस आहे तो.

मी म्हणाले, आठ दिवस ठीक आहे.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मग होकाराची मान हलवली.

२६ एप्रिल

भट्टीतून आज पहिली खेप काढली आणि हातातच धरून उभी राहिले. जंतू उकळून मरतात, पण त्यांची बीजं मरत नाहीत— नवीन आलेल्या मुलींना हे मीच शिकवते! या रोगाची बीजं लाकडात चाळीस वर्षं टिकतात म्हणे. आणि मी म्हणाले, ठीक आहे.

२९ एप्रिल

पाच नंबर आता दुबळी झालीय आणि बाकीच्या पेट्यांना ते कळलंय. दुपारी दारावर लूट चाललेली बघितली. धडधाकट माशा आत घुसतात, मध पिऊन फुगून बाहेर येतात, आपल्या घरी नेतात. मधाबरोबर रोगही. मास्तरांनी दार बोटभर अरुंद केलं, ओलं फडकं टाकलं. दोन दिवसांत माशा नव्या पेटीत झटकूनही झाल्या होत्या. उपयोग शून्य. चोरी थांबली ती फक्त ऊन उतरल्यावर.

माझ्या तिन्ही पेट्या उघडल्या. बारा स्वच्छ. चौदा स्वच्छ. तेरामध्ये एका कोपऱ्यात एकच घर खचलेलं. आगकाडी घातली.

तार.

मास्तरांना सांगितलं नाही. भाऊजींना सांगितलं. ते आठ नंबरपाशी वाकून उभे होते. म्हणाले, "माझ्याही नऊ नंबरात दिसतंय." मग बराच वेळ दोघंही आपापल्या पेट्यांची झाकणं नीट करत राहिलो. नीटच होती ती.

टेकडीपलीकडे एका विधवा बाईच्या चाळीस पेट्या आहेत. दोन मुलांची शिक्षणं त्यावर चालली आहेत. माशीला काय, टेकडी म्हणजे उंबरा.

१ मे

झोप नाही. मास्तर आज आनंदात होते! पाच नंबरात एक कोरी चौकट बांधली गेली म्हणून. "बघा सिस्टर, पांढरंशुभ्र मेण!" मी बघितलं. पांढरंशुभ्रच होतं. त्यात अंडी होती आणि दहा दिवसांनी त्यातही तेच होणार होतं. मी म्हणाले, "वा."

२ मे

फोन केला.

हॉस्पिटलच्या कॅन्टीनबाहेरच्या फोनवरून. अकरा वाजता. नाव सांगितलं नाही. "जुन्या पंपघरामागे रोग आहे, चौदा पेट्या आहेत, लवकर या." पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं." मी फोन ठेवला. हात साबणानं धुतले. का धुतले कोण जाणे!

आठ दिवसांतला सातवा दिवस. निदान उद्यापर्यंत तरी थांबायला हवं होतं का? पण उद्यानं काय होणार होतं?

भाऊजींना सांगावं असं वाटलं. धीर झाला नाही.

४ मे

तपासनीस आला. तरुण, नाकाचं साल निघालेला, बुटांना आधी औषधात बुडवून मगच फाटकाच्या आत पाऊल टाकणारा. त्याची ती शिस्त बघून मला बरं वाटलं— आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मास्तर पेट्यांपाशीच होते. त्याला बघून उभे राहिले ते राहिलेच. हातात धुराचा डबा, भाता दाबायचं भान नाही. विझला.

एकेक करून सगळ्या पेट्या उघडायला तीन तास. तपासनीस कमी बोलतो. काडी, तार, खडूनं फुली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मास्तरांच्या सातही. भाऊजींची नऊ. माझी तेरा. नऊ फुल्या. उरलेल्या पाचांना महिनाभर हलवायचं नाही, मध काढायचा नाही, एक चौकटही फाटकाबाहेर न्यायची नाही.

"उद्या संध्याकाळी," तो म्हणाला. "माशा परत आल्या की. खड्डा तुम्ही खणून ठेवा." आणि कागद आणायला गाडीकडे गेला.

मग मास्तर वळले. आधी नऊ नंबरकडे बघितलं, मग तेराकडे. तुमची एक, त्यांची एक, माझ्या सात— बोलले नाहीत, पण मोजताना दिसले.

"कुणी कळवलं?"

मी तेरा नंबरचं झाकण सारखं केलं.

"सिस्टर, तुम्ही?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण माझ्या आधी भाऊजी म्हणाले, "मी. मी कळवलं, मास्तर."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. सरळ मास्तरांकडे बघून म्हणाले. आवाज इतका साधा, जसं काही चष्म्याचा नंबर सांगतायत.

मास्तर पुढे झाले. वाटलं, मारतात आता! त्यांनी भाऊजींच्या डोक्यावरची जाळीची टोपी काढून घेतली. आमच्या तिघांच्या टोप्या त्यांनीच शिवलेल्या. खिशातून छोटी कात्री काढली, उलट्या पेटाऱ्यावर बसले आणि टोपीची शिवण उसवायला लागले. फाडली नाही. एकेक टाका. जाळी वेगळी, कापड वेगळं, गळ्याची नाडी वेगळी. तिन्ही घडी करून भाऊजींच्या हातात दिली.

"घरचा भेदी," म्हणाले. एवढंच.

भाऊजी ते कापड घेऊन गेले. मी खड्डा कुठं खणायचा ते बघायला गेले. मी खड्डा बघायला गेले!

५ मे

जाळलं.

साडेसातला सगळ्या आत आल्या होत्या. दारं मास्तरांनीच बंद केली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चिखलानं फटी लिंपल्या. पाच नंबरच्या झाकणावर हात ठेवून उभे होते. तपासनीस घड्याळ बघत होता, पण घाई केली नाही त्यानं.

वरून पेट्रोल ओतलं की आवाज आधी चढतो. खूप चढतो. मग एकदम तळाला जातो. एका पेटीला दोन-तीन मिनिटं. नऊ पेट्या. सहाव्या पेटीनंतर मी मोजणं सोडलं.

मग खड्ड्यात टाकून पेटवलं. मेण असं पेटतं की जवळ उभं राहवत नाही. आणि वास— आज खरं लिहायचं तर पूर्ण खरं लिहायचं— वास इतका गोड, जळक्या साखरेचा, की मला भूक लागली. तोंडाला पाणी सुटलं. तिथं उभी राहून. मास्तर दोन हातांच्या अंतरावर.

भाऊजी आले नाहीत. त्यांची नऊ नंबर मी उचलून टाकली.

६ मे

सकाळी तीस-चाळीस माशा बुजवलेल्या खड्ड्यावर घिरट्या घालत होत्या. काल बाहेर राहिलेल्या. त्यांची पेटी होती त्या जागी उतरायच्या, पुन्हा उडायच्या.

९ मे

ताईचा फोन. "हे जेवत नाहीत. दुकानात जातात, येतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. काय झालं ग तिथं?"

सांगितलं. रोग, तपासनीस, आग.

"आणि यांनी कळवलं?"

"हो, म्हणजे तसं म्हणाले."

"बरोबरच केलं मग! तू होतीस ना तिथं? तू का नाही बोललीस त्यांच्या बाजूनं?"

मी म्हणाले, सगळं इतकं पटकन झालं. ताई म्हणाली, हं. ताईचं 'हं' मला लहानपणापासून माहीत आहे.

१३ मे

त्यांना कसं कळलं असेल? मी फोन केला हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पण भाऊजी नजरेवरून माणूस ओळखतात, तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघत बसलेत. २९ तारखेला, झाकणं नीट करत होतो ना, तेव्हाच ओळखलं असणार, ही कळवणार. आणि त्या दिवशी मास्तरांनी मला विचारलं मात्र— मधे पडले. मेव्हणीवर येऊ नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

दुसरंही एक लिहिते. हे पान फाडून टाकीन हवं तर. आज भट्टी तापत असताना बसले होते आणि मला छान वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. माझ्यासाठी असं कोणी कधी केलेलं नाही. लग्न ठरत होतं ते मोडलं तेव्हा बाबासुद्धा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, हिचंच काही चुकलं असेल. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पुढे येऊन उभं राहिलं. तेच आठवत बसते. सारखं.

म्हणून तर बोलत नाही का मी? बोलले तर ते संपेल म्हणून?

पान फाडलं नाही.

१७ मे

मास्तरांचं दुकान आणि भाऊजींचं दुकान समोरासमोर. आज भर दुपारी मास्तर पायरीवर उभे राहून ओरडले— "डोळे तपासून घ्या! लोकांचे डोळे तपासतो आणि पाठीत सुरा खुपसतो!" गिऱ्हाईक होतं आत. एक म्हातारी. ती चष्मा न घेताच गेली. भाऊजींनी बाहेर येऊन पडदा ओढून घेतला.

ताईनं सांगितलं. रडत होती. ताई रडत नाही कधी.

"तीस वर्षांची ओळख, यांनी त्यांच्या पोरीचा पहिला चष्मा केला होता. आणि आता माशांपायी—"

मी म्हणाले, ताई, मी बघते काहीतरी.

"तू काय बघणार?"

काय बघणार!

२० मे

भाऊजींच्या अकरा नंबरातून थवा उठला. चूक माझीच. त्यांच्या तिन्ही पेट्या आता मीच बघते. शेंगदाण्यासारखी लोंबणारी राणीची घरं चौकटीखाली दिसली होती, वाटलं रविवारी बघू. माशा रविवार पाळत नाहीत.

पंपघराच्या गंजक्या नळावर जाऊन बसला. कलिंगडाएवढा. फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही असा हुकूम. शिडी एकटीनं लावली. खाली चादर, वर मी, एका हातात खोका, दुसऱ्यात ब्रश. खोका खाली घसरत होता.

"खोका वर धरा. अजून वर. चिकटवून धरा."

मास्तर! कुंपणाच्या तारेपलीकडे उभे. आगीनंतर पहिल्यांदा आले होते. कधी आले होते कोण जाणे.

"ब्रश नको. नळाला एक ठोसा द्या. एकच, पण जोरात."

दिला. सगळा गोळा खोक्यात धप्पकन पडला. चार किलो तरी.

"आता चादरीवर उलटा टाका, एक बाजू दगडावर टेकवा. राणी आत असली की बाकीच्या आपोआप जातील." तार धरून पुढे वाकले होते, आवाजात पूर्वीचे मास्तर. "बघा, बघा, शेपट्या वर करून वारा घालतायत. आहे राणी आत! केवढा थवा सिस्टर! कुठल्या पेटीचा?"

मी म्हणाले, अकरा.

"त्याचा?"

"हो."

तार सोडली. हात झटकले. "मग जाऊ द्यायचा होता," म्हणाले आणि गेले.

२१ मे

ठरवलं. सांगायचं.

२३ मे

नाही सांगितलं. दुकानापर्यंत गेले, दोन चेनी बदलायला दिल्या आणि आले.

२४ मे

सांगितलं!

चेनी न्यायला गेले. मास्तर मशीनवर होते. समोर भाऊजींच्या दुकानाचा पडदा अर्धा ओढलेला. मी म्हणाले, "मास्तर, फोन मी केला होता. दोन तारखेला, हॉस्पिटलमधून. भाऊजींनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

पाय थांबला. मशीन थांबलं.

"आठ दिवस मी मागितले होते," ते म्हणाले.

"हो."

"तुम्हीच म्हणालात ठीक आहे. त्याच्या आधी तुम्ही म्हणालात."

"हो."

"मग?"

"माझ्या तेरा नंबरात तार निघाली. टेकडीपलीकडे चाळीस पेट्या आहेत. मास्तर, त्या बऱ्या होणार नव्हत्या."

"मला माहीत नव्हतं का ते?" केवढ्यांदा! मग एकदम हळू. "मला माहीत होतं. मला फक्त आठ दिवस हवे होते. डॉक्टर म्हणाला जगणार नाही, तरी माणूस उशाशी बसतोच ना? तेवढेच मागितले होते."

मी उभी राहिले. त्यांनी चेनी कागदात गुंडाळून दिल्या. मी दाराबाहेर पडले तेव्हा ते समोर बघत होते, पडद्याकडे.

इतकं हलकं वाटतंय की भीती वाटते.

२६ मे

मास्तर हॉस्पिटलच्या दाराशी आले. पहारेकऱ्यानं निरोप आणला, कोणी टेलर आलाय. मी धावत खाली. वाटलं, झालं सगळं सरळ!

चेहरा लाल. "तुम्ही लोकांनी मला काय समजलंय?"

"काय झालं?"

"गेलो त्याच्याकडे. पायरी चढलो त्याची. म्हणालो, माझं चुकलं, सिस्टरनं सांगितलं सगळं. तर म्हणतो कसा, 'तिनं नाही, मीच केला फोन. धाकटीला सांगा, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.'" बोट माझ्याकडे. "तुम्ही म्हणता मी, तो म्हणतो मी! मोठ्या मनाची साथ आलीय का तुमच्या घरात? मी वेडा आहे? माझ्या सात पेट्या गेल्या, आणि तुम्ही दोघं एकमेकांना हार घालताय!"

"मास्तर, खरंच मीच—"

"बास. तुमच्या भाड्याच्या कागदावरून माझं नाव काढा. आणि ही घ्या."

माझी जाळीची टोपी. पंपघरातून आणलेली. हीसुद्धा उसवलेली, घडी करून.

२७ मे

अजूनही सोडत नाहीत भाऊजी. मी स्वतः कबूल केल्यावरसुद्धा! इतकं करायची काय गरज आहे? आणि तरी आत कुठंतरी पुन्हा तेच. छान वाटणं. त्यांना जाऊन भेटायला हवं. पण समोर बसून काय बोलू? तुम्ही माझ्यासाठी इतकं का केलंत, असं विचारू? ताई स्वयंपाकघरात असताना?

१ जून

पाचही पेट्या स्वच्छ. थव्याची नवी पेटीही. एकटीनं उघडल्या, एकटीनं बंद केल्या. मास्तर नाहीत, भाऊजी नाहीत. भांडायलासुद्धा कोणी नाही.

टेकडीपलीकडच्या बाईंच्या चाळीसही वाचल्या, असं ऐकलं.

५ जून

तपासनीस आला, महिना झाला म्हणून. काडी घातली, काही निघालं नाही, कागदावर सही केली. जाता जाता मी म्हणाले, "दोन मेला फोन करणारी बाई मीच." वाटलं, सरकारी माणसानं लिहून दिलं तर मास्तरांना दाखवता येईल.

"हां, तुम्ही होय!" तो म्हणाला. "पण तो फोन मी नोंदवलाच नाही. गरज नव्हती. आदल्याच दिवशी सकाळी, सुट्टी होती तरी माझ्या घरी फोन करून तुमच्या चष्मेवाल्यांनी सगळं कळवलं होतं. नाव, पत्ता, पेट्यांचे आकडे. म्हणाले, बाकी दोघांना यातलं काही माहीत नाही, त्यांना मी सांगेन."

वहीतलं पान दाखवलं. १ मे, नऊ वाजून दहा मिनिटं. भाऊजींचं नाव.

खरंच बोलत होते ते. सरळ, साधं, खरं. चार मेलाही आणि मास्तर पायरी चढून गेले तेव्हाही.

माझ्यासाठी नव्हतंच ते.